टॉवरवर एआय आल्याने पैसा नेमका कुठे वाचतो आणि कोणाचा वाचतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात मोबाइल टॉवरच्या देखभालीचे उपकंत्राट घेणाऱ्या एका गृहस्थांना वरून कळविण्यात आले आहे की, येत्या काळात साइट्सची देखरेख कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेकडे जाईल, त्यामुळे खर्च बराच कमी होईल आणि म्हणून कंत्राटाचे दरही नव्याने ठरविले जातील. हा फायदा खरा आहे की कागदावरचा, तो कोणत्या खर्चातून निघतो, आणि निघालाच तर कोणाच्या पदरात पडतो, असे त्यांनी विचारले आहे. नेटवर्क चालविण्याच्या कामात माझी बरीच वर्षे विदर्भात गेली आहेत, म्हणून उत्तर इथल्याच साइट्स डोळ्यांसमोर ठेवून देतो.

फायदा खरा आहे. मात्र कंपन्यांच्या सादरीकरणांत तो जिथे दाखविला जातो, तिथे आपल्या भागात तो फारसा सापडत नाही, आणि आपल्याकडे तो जिथे आहे त्याविषयी सादरीकरणात बहुधा एखादी ओळच असते. मोबाइल नेटवर्कला लागणाऱ्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश वीज टॉवरवरच्या रेडिओ यंत्रणेत खर्च होते. साहजिकच विकणाऱ्याची पहिली स्लाइड रेडिओविषयी असते : रात्री वर्दळ ओसरली की यंत्रणा काही कॅरिअर, म्हणजे सिग्नल वाहणाऱ्या लहरींचे पट्टे, बंद करील, अँटेनाच्या काही शाखा झोपवील, पहाटे वर्दळ वाढण्याच्या बेतात त्या पुन्हा जाग्या करील. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा धरमपेठेत हे चांगले चालते, कारण तिथे एकेका साइटवर चार-पाच कॅरिअर असतात आणि रात्री दोननंतर त्यांतल्या एक-दोनांवरच काम भागते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या साइटवर परिस्थिती उलटी असते. तिथे एक कॅरिअर गावापर्यंत सिग्नल पोचविण्यासाठी असतो, तो बंद केला तर गावच अंधारात जाते. फार तर त्याच्या जोडीला गर्दीसाठी आणखी एक असतो, आणि झोपवायचा तर तोच झोपविता येतो.

आता आकडे मांडून पाहू. पुढचे दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी धरलेले आहेत. आपण आपल्या बिलावरचे दर घालावेत. एका ऑपरेटरच्या (मोबाइल कंपनीच्या) साध्या ग्रामीण साइटचा भार ३ किलोवॉट धरला, तर वर्षाला २६,२८० युनिट लागतात, आणि युनिटला १० रुपये धरले तर बिल २,६२,८०० रुपये होते. जोडीचा कॅरिअर रात्री सहा तास झोपवून ३०० वॉट वाचले, तर दिवसाला १.८ युनिट, म्हणजे वर्षाला ६५७ युनिट वाचतील. त्याची किंमत झाली ६,५७० रुपये. बिलाच्या अडीच टक्के. हजारो साइट्सवर ही रक्कम मोठी दिसते हे मान्य, पण एका साइटला लागणारा सॉफ्टवेअर परवाना आणि त्याची वार्षिक देखभाल त्यातून वजा केली की हातात काय उरते, ते पाहावे लागते.

रेडिओ झोपविण्याबाबत एक गोष्ट शहरात बसून नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. कृषिपंपांच्या फीडरला, म्हणजे वीज पुरविणाऱ्या वाहिनीला, बऱ्याच भागांत पाळीपाळीने रात्री वीज मिळते, आणि शेतकरी मोबाइल स्टार्टर लावून घरूनच मोटर चालू करतो. या स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते आणि त्यांतले पुष्कळसे स्टार्टर अजून टूजीवर चालतात. यंत्रणा केवळ डेटाची वर्दळ पाहून रात्री टूजी आवरते घेऊ लागली, तर तिच्या दृष्टीने बंद झाले ते जवळजवळ रिकामे चॅनेल. प्रत्यक्षात मात्र हरभऱ्याचे पाणी चुकते. रानडुकरांच्या भीतीने जागलीला गेलेला माणूसही रात्रीच फोन करतो. वर्दळ किती आहे हे आकडा सांगतो, ती कशासाठी आहे हे सांगत नाही. म्हणून असे नियम जिल्हावार तपासून मगच चालू करावेत, असे माझे मत आहे.

आपल्या भागातला मोठा पैसा डिझेलमध्ये आहे. वीज गेली की आधी बॅटरी बँक भार उचलते, तिची पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की जनरेटर सुरू होतो. साइटचा जनरेटर त्याच्या क्षमतेच्या मानाने बहुधा फार कमी भारावर चालतो, आणि कमी भारावर डिझेलचा एकेक लिटर फार महाग पडतो. तासाला २ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपये, आणि त्या तासात साइटचा भार व बॅटरीचे चार्जिंग मिळून ५ युनिट निर्माण झाले असे धरले, तर एक युनिट ३६ रुपयांना पडते, म्हणजे महावितरणच्या विजेच्या साडेतीन पटींहून अधिक. त्यात डिझेल साइटपर्यंत नेण्याचा खर्च मोजलेलाच नाही. दिवसाला दोन तास जनरेटर चालला, तर वर्षाला १,३१,४०० रुपयांचे डिझेल जळते. त्यातला रोजचा अर्धा तास जरी कमी झाला तरी ३२,८५० रुपये वाचतात, म्हणजे रेडिओ झोपवून वाचणाऱ्या रकमेच्या पाचपट.

हा अर्धा तास यंत्रणा कशी वाचविते? जुन्या पद्धतीत जनरेटरच्या कंट्रोलरला एकच आकडा ठाऊक असतो : बॅटरीचा व्होल्टेज इतका उतरला की सुरू हो. त्या फीडरवर वीज साधारण कधी जाते, कधी येते, आज वादळाचा दिवस आहे की नेहमीचे भारनियमन, यांतले काहीही त्याला माहीत नसते. म्हणून वीज येण्याच्या दहा मिनिटे आधी जनरेटर सुरू होतो आणि मग चार्जिंग पूर्ण होईपर्यंत चालतच राहतो, हे दृश्य आपण कितीदा पाहिले असेल. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींवर शिकलेले मॉडेल हा अंदाज बऱ्यापैकी करते, बॅटरीला आणखी थोडे खाली जाऊ देते, आणि जनरेटर चालवायचाच असेल तर भरपूर भारावर थोडा वेळ चालविते. यात चमत्कार काही नाही. अनुभवी टेक्निशियन हेच तर्क करीत असे. फरक एवढाच की, एका माणसाला आठ-दहा साइट्सचे फीडर तोंडपाठ असतात, यंत्रणेला सगळ्या.

बॅटरीचाही हिशेब याच ठिकाणी येतो. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि त्यापेक्षा साधारण ८ ते १० अंश जास्त तापमानात ती सतत राहिली की ते निम्म्यावर येते. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि शेल्टरचा, म्हणजे यंत्रे ठेवलेल्या खोलीचा, एसी बंद पडला असेल तर आतली उष्णता बाहेरच्यापेक्षाही अधिक असते. एसीचा कॉम्प्रेसर मरण्यापूर्वी आठवडाभर तरी आपली लक्षणे दाखवितो : तो जास्त वेळ चालतो, जास्त करंट ओढतो आणि तापमान मात्र उतरत नाही. हे तीन आकडे एकत्र पाहणारी साधी यंत्रणासुद्धा एप्रिलमध्येच सांगू शकते की, कोणत्या साइटचा एसी मे काढणार नाही. काही हजारांच्या दुरुस्तीत लाखाच्या घरातली बॅटरी बँक वाचते. माझ्या मते ग्रामीण विदर्भात एआयवर घातलेला पहिला रुपया इथे घालावा.

डिझेलच्या चोरीविषयी स्पष्टच लिहितो, कारण सादरीकरणात तिला ‘इंधन विसंगती’ असे सोज्वळ नाव असते. टाकीतल्या सेन्सरचा आलेख जनरेटर बंद असताना उतरला, किंवा भरणा १०० लिटरचा दाखविला आणि पातळी ७० नेच वाढली, की यंत्रणा ती साइट पुढे करते. पण टाकी तिरपी बसविलेली असेल, फ्लोट अडकत असेल, किंवा उन्हात सेन्सर चुकीचे वाचत असेल, तरीही आलेख असाच दिसतो. प्रत्यक्ष डिपस्टिक लावून पाहिल्याशिवाय केवळ आलेखावरून एखाद्या पोराच्या पगारातून पैसे कापणे अन्यायाचे आहे. आपल्या कंत्राटात तशी तरतूद घातली जात असेल, तर सेन्सर वर्षातून किती वेळा तपासून घेतला जाईल, हेही त्याच कलमात लिहून घ्यावे.

दुसरा मोठा पैसा फेऱ्यांचा. आलापल्लीहून भामरागड ६०-६५ किलोमीटर आहे, म्हणजे एका खेपेला जाऊन-येऊन एकशेवीस-एकशेतीस किलोमीटर; रस्ता, जंगल आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून वाहणारे पाणी पाहता दिवस तिथेच संपतो. गाडी, इंधन आणि दोन माणसांची मजुरी धरून एक फेरी २,५०० रुपयांना पडत असेल, आणि यंत्रणेने साइटमागे महिन्याला एक निष्फळ फेरी वाचविली, तर वर्षाचे ३०,००० रुपये झाले.

निष्फळ फेऱ्या कशा होतात, हे एकदा नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात बसून पाहिल्यास कळते. रस्ता रुंदीकरणाच्या किंवा पाइपलाइनच्या कामात जेसीबीने एका ठिकाणी फायबर तोडली, की तिच्यामागच्या पंधरा-वीस साइट्स एकदम बोंबलू लागतात. प्रत्येक साइटचा लिंकचा अलार्म, सिंक्रोनायझेशनचा अलार्म, सेल (एका अँटेनाच्या सिग्नलचे क्षेत्र) बंद पडल्याचा अलार्म, शेजारच्या साइट्सचे हँडओव्हर (चालू कॉल दुसऱ्या सेलकडे सोपविणे) फसल्याचे अलार्म, असे पाच-दहा मिनिटांत शेकडो संदेश पडद्यावर येतात. पाळीवरचा इंजिनिअर नवा असेल तर तो सापडतील तितकी तिकिटे, म्हणजे दुरुस्तीच्या कामाच्या नोंदी, फोडतो आणि चार टीम चार दिशांना निघतात, खरे काम मात्र एकाच ठिकाणी, फायबर जोडणारे स्प्लायसिंग मशीन घेऊन गेलेल्या टीमचे असते. अलार्मचा आपसांतला संबंध ओळखणारे मॉडेल ही शेकडो तिकिटे मिटवून एकच तिकीट ठेवते आणि ओटीडीआर या फायबर तपासणाऱ्या उपकरणाच्या मोजणीवरून तुटलेल्या जागेचे अंतरही सांगते. तेवढ्याने दोन-तीन टीमच्या फेऱ्या वाचतात आणि दुरुस्तीही लवकर होते. खोदकामाआधी फायबरच्या मालकाला कळविण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. त्याचा वापर तालुक्यातल्या कंत्राटदारांनी मनापासून केला, तर कोणत्याही एआयपेक्षा स्वस्तात बचत होईल, हे जाता जाता नमूद करतो.

याउलट, जिथे फेरी व्हायला हवी होती पण झाली नाही, असाही एक प्रकार आहे. या धंद्यात त्याला ‘स्लीपिंग सेल’ म्हणतात : सेल चालू दिसतो, अलार्म एकही नाही, पण त्यावर ना कॉल लागतो ना डेटा चालतो. गावकरी तक्रार करून थकतात आणि नॉकमध्ये सगळे हिरवे दिसत असते. त्या सेलवर बुधवारी संध्याकाळी साधारण किती वर्दळ असते, हे यंत्रणेला ठाऊक असेल, तर आज ती शून्यावर आलेली पाहून ती शंका घेते आणि पुष्कळदा दुरूनच रीसेट करून काम भागते. मात्र तिला गावाचे कॅलेंडरही शिकवावे लागते. होळीनंतर मेळघाटातली कामावर गेलेली कुटुंबे, आठवडी बाजाराचा दिवस, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, यांमुळे वर्दळ एका दिवसात निम्मी किंवा तिप्पट होते, आणि पहिल्या वर्षी यंत्रणा त्याला बिघाड समजते.

आता ज्या फायद्याबद्दल मला सर्वांत जास्त शंका आहे, त्याकडे वळतो. सादरीकरणात साइट बंद पडल्याच्या तासांना ताशी महसुलाने गुणून मोठा आकडा काढलेला असतो. आपल्याकडे बहुतेक ग्राहक प्रीपेड आहेत आणि २८ किंवा ८४ दिवसांचे पॅक आधीच मारून बसलेले आहेत. साइट चार तास बंद राहिली म्हणून कंपनीचा त्या दिवशीचा महसूल बुडत नाही. बुडतो तो पुढच्या रिचार्जला. ग्रामीण भागात अनेकांच्या फोनमध्ये दोन सिम असतात आणि महिन्याला दोनशेच्या आसपास देणे दोन्हींवर परवडत नाही, तेव्हा जे सिम पेरणीच्या दिवसांत किंवा दवाखान्यात दगा देते त्याचे रिचार्ज थांबते. नोंदीत हा ग्राहक ‘पोर्ट’ झालेला दिसत नाही, नुसता गप्प झालेला दिसतो. म्हणून महसुलाचा फायदा मोजायचा असेल तर बंद तासांचा गुणाकार सोडून, वारंवार बंद पडणाऱ्या साइट्सवरच्या रिचार्जची सहा महिन्यांची गळती चांगल्या साइट्सशी ताडून पाहावी. आकडा लहान येईल, पण खरा येईल.

नियामकाच्या बाजूने मात्र बंद तासांना आता थेट किंमत आली आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम आणले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधता वाढवून द्यावी लागते, आणि निकष मोडल्यास होणारा दंड १ लाखापासून १० लाख रुपयांपर्यंत आहे. ज्यांचा संपर्क वारंवार तुटतो अशा आपल्या जिल्ह्यांच्या बाबतीत हा धोका ऑपरेटरला खरा वाटतो, आणि पर्यायी मार्गाने वाहतूक आपोआप वळविणाऱ्या यंत्रणेसाठी पैसे मंजूर होण्यामागे तेही एक कारण असते.

भांडवली खर्चाविषयी थोडक्यातच. अँटेनाचा कल दुरून बदलणे, शेजारी सेलची यादी आपोआप दुरुस्त करणे, भार एका कॅरिअरवरून दुसऱ्यावर सरकविणे, यांनी नवी साइट किंवा नवा कॅरिअर वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलता येतो. १० लाखांचा खर्च वर्षभर पुढे गेला आणि पैशाची किंमत १० टक्के धरली, तर १ लाख वाचला. १० लाख वाचले असे कोणी लिहिले तर तो हिशेब नाकारावा. यांतले बरेचसे काम एआयच्या आधीपासून चालत आलेले आहे. मोबाइलची मानके ठरविणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या रिलीज ८ मध्ये, म्हणजे फोरजीच्या पहिल्याच मानकात, नेटवर्कने स्वतःला जुळवून घेण्याची कल्पना होती. आज जे एआय म्हणून विकले जाते त्यातला मोठा भाग असे जुने नियमच असतात. ते उपयोगी आहेत, परंतु त्यांच्यासाठी एआयचा दर देण्याचे कारण नाही.

खर्चाची बाजू सादरीकरणात सहसा परवान्यापुरतीच असते. खरा खर्च माहिती नीट करण्यात जातो. साइटच्या नोंदीत बॅटरी ६०० एएच (अँपिअर-अवर) लिहिलेली आहे आणि आत दोन वर्षांपूर्वी बदललेली वेगळीच आहे, फीडरचे नाव जुने आहे, जनरेटरचा तासमीटर बदलला तेव्हा वाचन शून्यापासून सुरू झाले आणि कुणी नोंद केली नाही, अशा साइट्स आपल्या ताब्यात किती आहेत, ते आपणच जाणता. या नोंदींवर शिकलेले मॉडेल आत्मविश्वासाने चुकीचे सांगते. पहिले सहा महिने माणसांनी साइटवर जाऊन याद्या दुरुस्त करण्यातच जातात आणि हे काम आपल्याच टेक्निशियनकडून करवून घेतले जाते. त्याचा दर वेगळा लावून घ्यावा.

बचत मोजण्याच्या पद्धतीवरही लक्ष ठेवावे. यंत्रणा मे महिन्यात बसवायची, ऑक्टोबरमध्ये मोजायचे आणि डिझेल ४० टक्क्यांनी घटले असे सांगायचे, हा प्रकार मी पाहिलेला आहे. मे ते ऑक्टोबर या काळात एसीचा भार उतरतो आणि उन्हाळ्यातले भारनियमनही सरते. ती घट यंत्रणा नसती तरी दिसलीच असती. त्याच फीडरवरच्या, त्याच प्रकारच्या काही साइट्स यंत्रणेशिवाय ठेवाव्यात आणि दोन्ही गटांचा मे महिना मे महिन्याशी ताडावा.

राहिला प्रश्न हा पैसा कोणाचा, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. साइटवर किमान तीन पक्ष असतात : रेडिओ ऑपरेटरचा, टॉवर आणि वीज टॉवर कंपनीची, देखभाल आपली. विजेचा आणि डिझेलचा खर्च प्रत्यक्ष जितका होईल तितका ऑपरेटरकडून घ्यायचा, असा करार असेल तर टॉवर कंपनीला डिझेल वाचविण्यात फारसे स्वारस्य नसते. ऊर्जेची रक्कम साइटमागे ठरावीक असेल तर वाचलेला प्रत्येक लिटर टॉवर कंपनीचा नफा असतो आणि ऑपरेटरने रेडिओ झोपवूनही त्याच्या बिलात फरक पडत नाही. यंत्रणेसाठी पैसे एकाने घालायचे आणि बिल दुसऱ्याचे कमी व्हायचे, यामुळे चांगल्या योजना वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

आपले कंत्राट फेरीमागे दर असे असेल, तर यंत्रणा जितकी चांगली चालेल तितके आपले उत्पन्न घटेल, हे सरळ आहे. साइटमागे मासिक ठरावीक रक्कम असेल तर वाचलेली फेरी आपली बचत आहे, आणि नेमके म्हणूनच दर नव्याने ठरविण्याची घाई चालली आहे. माझा सल्ला असा की, दर कमी करण्यास सरसकट नकार देऊ नये. पहिली दोन वर्षे मासिक दर आहे तोच ठेवून त्यानंतर मोजलेल्या बचतीत ठरावीक वाटा मागावा. एसी, रेक्टिफायर (येणारी वीज बॅटरीला चालेल अशी करणारे उपकरण) आणि सेन्सर यांची तपासणी हे आपले नवे काम म्हणून दरासह लिहून घ्यावे, कारण यंत्रणेला दिसते ते पुष्कळसे या तीन वस्तूंमार्फत दिसते आणि त्या दुरुस्त ठेवायला हैदराबादहून किंवा गुरुग्रामहून कोणी सिरोंच्यापर्यंत येणार नाही. पोरांपैकी दोघांना तरी कंट्रोलरचे लॉग वाचायला आणि लॅपटॉपवरून सेटिंग बदलायला शिकवावे. आणि साइटच्या डेटाची प्रत दरमहा आपल्यालाही मिळेल, हे कलम करारात नसेल तर सही करू नये. दंड लावताना पुरावा म्हणून तोच डेटा पुढे केला जाणार आहे.